बिघाड घातले की सिम्युलेशन खोटं बोलू लागतं: तपासणी कुठून सुरू करायची

सगळी मशिनं चालू असेपर्यंत डेटा सेंटरचं सिम्युलेशन छान चालतं. कामं येतात, शेड्यूलर ती वाटतो, रांगा लागतात, संपतात. मग कुणीतरी म्हणतं, "यात मशीन बंद पडल्याचं दाखवा," आणि तिथून पुढचा एकही आकडा पटत नाही. सिमपाय किंवा क्लाउडसिमसारखं तयार सिम्युलेशन-साधन असो की घरी लिहिलेला इव्हेंट लूप (घटना वेळेच्या क्रमाने एकेक हाताळणारा कोड), हे दुखणं मी इतक्यांदा काढलंय की आता कोड उघडण्याआधी कागद-पेन मागतो. बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. बिघाड कधी येणार हे ठरवणारं संख्याशास्त्रीय वितरण बदलत बसतात: एक्स्पोनेन्शियल काढून वायबुल लावतात, वायबुल काढून गॅमा लावतात, आठवडा जातो आणि चूक शेवटी तास-सेकंदांच्या गोंधळात निघते. म्हणून खालचा क्रम पाळा. सोपं आणि फुकटचं आधी, वितरणाचा वाद सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- वर्षभर चालवूनही हजारात दोन-चारच मशिनं पडतात, किंवा रोज शेकड्याने पडतात.
- दुरुस्तीचा सरासरी वेळ तुम्ही दिलेल्या आकड्याच्या दीडपट किंवा तिप्पट निघतो.
- पहिल्या महिन्यात बिघाडांची झुंबड उडते, मग हळूहळू ओसरते.
- सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा क्रमांक, बदलला की 'सरस' ठरलेलं शेड्यूलरचं धोरणही बदलतं.
- पूर्ण झालेली कामं दिलेल्या कामांपेक्षा जास्त भरतात. बंद मशिनांची संख्या कधी उणे दिसते.
- तीन प्रती ठेवल्या की डेटा कधी म्हणजे कधीच जात नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं, कारण ते कुणाला खुपत नाही. आलेख सुंदर येतो आणि अहवालात जातो.

१. कागदावर तीन आकडे काढा

धरा, १००० मशिनं आहेत. प्रत्येकाचा एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, ४ वर्षं आणि दुरुस्तीला सरासरी ६ तास. मग वर्षाला सुमारे २५० बिघाड व्हायला हवेत. ४ वर्षं म्हणजे ३५,०४० तास, म्हणून कुठल्याही क्षणी बंद असलेली मशिनं सरासरी १००० गुणिले ६ भागिले ३५,०४६, म्हणजे ०.१७. एका मशीनची उपलब्धता ९९.९८३ टक्के. वितरण कुठलंही असो, लांब पल्ल्यात सरासरी इथेच यायला हवी. म्हणूनच ही तपासणी पहिली: वितरणाबद्दल काहीही न ठरवता ती करता येते.

तुमचं उत्तर २४, ६०, ३६०० किंवा ८७६० पटींनी हुकत असेल तर शोध संपला, एकक चुकलंय. सिमपायच्या घड्याळाला एकक नसतं. तिथे १ म्हणजे सेकंद की तास, हे फक्त तुमच्या डोक्यात असतं, आणि कोड लिहिणारे दोघं असले की दोन डोक्यांत.

पट विचित्र नसेल, पण मशिनं जरा जास्तच धडधाकट वाटत असतील, तर आकडा कुठून उचलला ते विचारा. डिस्कच्या माहितीपत्रकावर १० लाख तासांसारखा आकडा असतो. त्याचा अर्थ वर्षाला ०.८८ टक्के डिस्क निकामी होतात असा होतो. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचं वार्षिक प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के होतं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. शिवाय डिस्क म्हणजे मशीन नव्हे. मेमरी, पॉवर सप्लाय, पंखे, फर्मवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं मशीनला पाडू शकतं. एका सुट्या भागाचा आकडा अख्ख्या मशीनला लावणं ही नेहमीची चूक आहे.

२. फंक्शनला नेमकं काय हवंय ते बघा

पायथनच्या रँडम मॉड्यूलमधल्या एक्स्पोव्हेरिएटला दर द्यावा लागतो, म्हणजे एक भागिले सरासरी. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या एक्स्पोनेन्शियलला सरासरीच द्यावी लागते. एकाकडून दुसऱ्याकडे कोड हलवला की ३५,०४० तासांचा एमटीबीएफ एका तासाच्या ३५,०४०व्या हिश्श्याचा होऊन बसतो. रँडममधलं वायबुलव्हेरिएट आधी स्केल (काळ किती ताणायचा) घेतं, मग शेप (वक्राचा आकार). नमपायचं वायबुल फक्त शेप घेतं आणि स्केल १ धरतं, गुणाकार तुम्हीच करायचा.

स्केल आणि सरासरी या एकच गोष्ट नाहीत. शेप ०.७ असताना सरासरी स्केलच्या सुमारे १.२७ पट असते. एमटीबीएफचा आकडा तसाच स्केलच्या जागी टाकला की मशिनं आपोआप २७ टक्के टिकाऊ होतात. लॉगनॉर्मलमध्ये फटका याहून मोठा: म्यू (लॉगची सरासरी) म्हणून सरासरीचा लॉग दिला आणि सिग्मा (लॉगचा पसारा) १ असला, तर खरी सरासरी १.६५ पट निघते, सिग्मा १.५ असला तर तिप्पट. दुरुस्तीचा वेळ फुगलाय हे लक्षण बहुतेक वेळा इथलंच.

तपासणी एका ओळीची आहे. सिम्युलेशनच्या बाहेर एक लाख नमुने काढा आणि त्यांची सरासरी छापा. हवी तीच आली नाही, तर पुढे जाऊ नका.

३. किती वेळ चालवलं आणि सीड किती

वरच्याच मशिनांवर ३० दिवसांचं सिम्युलेशन चालवलं, तर सरासरी २० बिघाड होतील आणि नुसत्या योगायोगाने तो आकडा १२ ते ३० यांमध्ये कुठेही पडेल. एवढ्याशा बिघाडांवर दोन शेड्यूलरची तुलना करून 'पहिला ८ टक्के सरस' म्हणायला काही आधार नाही. जास्त वर्षं चालवा, जास्त सीड घ्या आणि निकालासोबत विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, छापा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बिघाडांसाठी, कामांच्या आगमनासाठी आणि दुरुस्तीसाठी यादृच्छिक आकड्यांचे प्रवाह वेगवेगळे ठेवा. सगळे एकाच जनरेटरमधून घेतले की शेड्यूलरने एक आकडा जास्त उचलल्याबरोबर पुढचे सगळे बिघाड बदलतात. मग तुलना दोन धोरणांची राहत नाही, एकाला बरं नशीब आणि दुसऱ्याला वाईट नशीब मिळालेलं असतं. दोन्ही धोरणांसमोर तीच मशिनं त्याच क्षणी पडली पाहिजेत. नमपायच्या सीडसीक्वेन्समधून हवे तितके स्वतंत्र प्रवाह काढता येतात. याला पाच मिनिटं लागतात आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

४. शून्याव्या मिनिटाला सगळी मशिनं कोरी करकरीत कशी?

आता जरा खोल पाण्यात. लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेच्या २२ संगणक-प्रणालींच्या सुमारे नऊ वर्षांच्या नोंदी श्रोडर-गिब्सन जोडीने २००६ मध्ये मांडल्या. त्यांत बिघाडांमधल्या अंतराला वायबुल चांगलं बसतं आणि शेप ०.७ ते ०.८ येतो, असं दिसलं. शेप एकापेक्षा कमी, म्हणजे बिघाड नुकताच झाला असेल तर पुढच्याची शक्यता जास्त, आणि जसजसा काळ जातो तसतशी ती घटते. हे वाचून लोक शेप ०.७ ठेवतात, ते ठीकच. पण सिम्युलेशन सुरू करताना हजारही मशिनांचं घड्याळ शून्यावर लावतात.

परिणाम बघा. सरासरी ४ वर्षंच ठेवली आणि शेप ०.७, तर पहिल्या महिन्यातच सुमारे ७५ मशिनं पडतात. स्थिरावलेल्या डेटा सेंटरमध्ये महिन्याला २१ पडायला हवीत. पहिल्या वर्षात ३६ टक्के मशिनांना निदान एक बिघाड होतो, एक्स्पोनेन्शियल असतं तर २२ टक्क्यांना झाला असता. म्हणजे तुम्ही ३० दिवसांचं सिम्युलेशन चालवत असाल तर साडेतीन पट बिघाड मोजताय, आणि गंमत म्हणजे पहिल्या तपासणीतलं लांब पल्ल्याचं गणित तरीही बरोबर येतं. म्हणूनच हा दोष उशिरा सापडतो.

उपाय दोन. मालमत्ता-नोंदवहीत प्रत्येक मशीनच्या खरेदीची तारीख आणि शेवटच्या बिघाडाची नोंद असेल, तर ती वापरा. नसेल तर कामांचा भार न घालता फक्त बिघाड-दुरुस्तीची प्रक्रिया बरीच वर्षं चालवा, महिन्याचे बिघाड आलेखात सपाट झालेले दिसेपर्यंत, आणि त्या क्षणापासून कामं सोडा. भाराशिवाय हजार मशिनांची दहा वर्षं म्हणजे अडीचेक हजार बिघाड, लॅपटॉपला जाणवतही नाही.

इथे एक निर्णय जाणूनबुजून घ्या: दुरुस्तीनंतर मशीनचं घड्याळ पुन्हा शून्यावर न्यायचं का? पंखा बदलला म्हणून मदरबोर्ड नवा होत नाही. घटता धोका आणि 'दुरुस्ती म्हणजे नवं मशीन' हे दोन्ही एकत्र घेतले की दुरुस्त झालेलं मशीन लगेच पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. खऱ्या नोंदींतही पाठोपाठचे बिघाड दिसतात, त्यामुळे हे चूकच आहे असं नाही. पण कुणी विचारलं तर कारण सांगता आलं पाहिजे.

५. शिळ्या घटना

मशीन ३ वाजता पडलं. त्यावरचं काम ४ वाजता संपणार होतं आणि तशी घटना रांगेत आधीच टाकलेली होती. ४ वाजता ती घटना रांगेतून बाहेर येते आणि बंद मशीनवरचं काम 'पूर्ण' होतं. तेच काम दुसऱ्या मशीनवरही पुन्हा चालून पूर्ण होतं. पूर्ण कामं दिलेल्या कामांपेक्षा जास्त का भरतात, याचं उत्तर हेच.

स्वतः लिहिलेल्या इव्हेंट लूपमध्ये रांगेतून घटना शोधून काढत बसू नका. प्रत्येक मशीनला एक पिढी-क्रमांक द्या, बिघाड झाला की तो एकाने वाढवा आणि घटना हाताळताना तिच्यावरचा क्रमांक जुना असेल तर तिला टाकून द्या. सिमपायमध्ये इंटरप्ट (मध्येच थांबण्याची सूचना) दिल्यावर प्रोसेस जुन्या टाइमआउटने (आधी लावलेल्या गजराने) जागी होत नाही, त्यामुळे हा त्रास कमी. तिथे वेगळा सापळा आहे. दस्तऐवजांतलं मशीन शॉपचं उदाहरण जवळपास प्रत्येक जण उचलतो. त्यात बिघाडाचं घड्याळ दुरुस्ती चालू असतानाही चालतं, आणि मशीन आधीच मोडलेलं असलं तर तो बिघाड सोडून दिला जातो. एक्स्पोनेन्शियलला हे चालतं, कारण त्याला मागचं काही आठवत नाही. वायबुलला चालत नाही.

चालू, बंद आणि दुरुस्तीतली मशिनं मिळून एकूण मशिनं, आणि दिलेली कामं म्हणजे पूर्ण, चालू, रांगेतली आणि सोडून दिलेली यांची बेरीज. या दोन अटी प्रत्येक घटनेनंतर तपासणारी ओळ घाला. सिम्युलेशन थोडं मंदावेल. मंदावू द्या.

६. बिघाड कळला कधी, दुरुस्त केला कुणी

सिम्युलेटर सर्वज्ञ असतो. मशीन पडताच त्याच क्षणी शेड्यूलर काम दुसरीकडे हलवतो. खऱ्या डेटा सेंटरमध्ये आधी हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' असे मशीनकडून ठराविक वेळाने येणारे संदेश, चुकावे लागतात. एचडीएफएस या अनेक मशिनांवर डेटा साठवणाऱ्या यंत्रणेत मूळ सेटिंग तशीच ठेवली तर डेटानोड (डेटा ठेवणारं मशीन) मेला असं ठरायला १० मिनिटं ३० सेकंद लागतात. तुमच्या कामांचा सरासरी वेळ ५ मिनिटं असेल, तर ही साडेदहा मिनिटं निकाल उलटवू शकतात. बिघाड 'झाला' आणि 'कळला' या दोन वेगळ्या घटना ठेवा.

दुरुस्तीतही दोन जाती आहेत. गूगलच्या साठवण-यंत्रणेच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नोड (एकेक मशीन) अनुपलब्ध होण्याच्या १० टक्क्यांहून कमी घटना १५ मिनिटांच्या पुढे टिकल्या होत्या. म्हणजे बहुतेक प्रसंग रीबूटचे असतात, हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायची वेळ थोड्यांवर येते. दोन्हींची सरासरी काढून सगळ्यांना ६ तास देऊ नका. आणि स्क्रूड्रायव्हरवाली माणसं मोजकी असतात, रात्रपाळीला आणखी कमी. दुरुस्तीला रांग नसेल, तर तुमच्याकडे अगणित तंत्रज्ञ आणि अगणित सुटे भाग आहेत असं तुम्ही गृहीत धरलंय.

७. सामाईक कारण

तीन प्रती आणि डेटा कधीच जात नाही, हे लक्षण ज्याला दिसतंय त्याने इथे वेळ घालवावा. वरच्या आकड्यांनी एक मशीन बंद असण्याची शक्यता ०.०००१७ आहे. तिन्ही मशिनं स्वतंत्र धरली तर एकदम बंद असण्याची शक्यता त्या आकड्याचा घन, म्हणजे २ लाख कोटी क्षणांत सुमारे १० क्षण. आता धरा की तिन्ही प्रती एकाच रॅकमध्ये (मशिनांच्या कपाटात) आहेत आणि रॅकचा स्विच वर्षात ४ तास बंद असतो. शक्यता झाली ०.०००४६. आधीच्या सुमारे ९ कोटी पट! वायबुल की गॅमा हा वाद यापुढे किरकोळ आहे. गूगलच्या त्याच अभ्यासात सुमारे ३७ टक्के नोड-बिघाड दोन किंवा जास्त नोडच्या गटाने आले होते. मशिनं डाळीच्या दाण्यांसारखी सुटी सुटी नसतात.

मांडणी झाडासारखी करा: खोली, वीजवाहिनी, रॅक, मशीन. प्रत्येक पातळीला स्वतःचा बिघाड आणि स्वतःची दुरुस्ती. मशीन चालू कधी, तर वरच्या सगळ्या पातळ्या चालू असतील तेव्हाच. एक धोका मात्र आहे. मशीनचा एमटीबीएफ ज्या नोंदींतून काढला, त्यांत रॅक बंद पडल्यामुळे गेलेली मशिनंही मोजलेली असतील, तर वर रॅकचा बिघाड वेगळा घातल्यावर तो दोनदा मोजला जातो. आधी त्या नोंदी वेगळ्या काढा.

काही बिघाड दराने येत नाहीत, मागणीवर येतात. मुंबई आणि आसपासची वीज १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी डेटा सेंटरमध्ये आधी यूपीएसच्या बॅटऱ्या भार घेतात आणि मग डिझेल जनरेटर सुरू व्हावा लागतो. तो सुरू होईल की नाही, हा 'वर्षाला किती वेळा' असा प्रश्न नाही, 'हाक मारल्यावर किती वेळा ओ देतो' असा आहे. त्याला घड्याळ लावू नका, वीज गेल्याच्या क्षणी नाणं उडवा. आणि झाडाच्या मुळाशी अख्खी जागा ठेवायला विसरू नका. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीचं एसबीजी२ हे डेटा सेंटर जळालं, तेव्हा त्याच आवारातल्या इतर इमारतीही बंद कराव्या लागल्या. मूळ डेटा आणि बॅकअप एकाच आवारात ठेवणाऱ्यांसाठी त्या रात्री दोन प्रती म्हणजे एकच प्रत होती.

८. नोंदींतून आकडे काढताना

गूगलने प्रसिद्ध केलेल्या मे २०११ च्या ट्रेसमध्ये (मशिनांच्या प्रत्यक्ष नोंदींत) सुमारे १२,५०० मशिनांचे २९ दिवस आहेत, म्हणजे ३ लाख ६२ हजार मशीन-दिवस. यातून एमटीबीएफ काढताना अनेक जण फक्त पडलेल्या मशिनांच्या दोन बिघाडांमधलं अंतर घेतात. २९ दिवसांच्या खिडकीतून २९ दिवसांपेक्षा मोठं अंतर दिसणारच नाही! एकदाही न पडलेल्या मशिनांनी जे दिवस काढले, ते भाजकात नाही तर अंशात हवेत: एकूण मशीन-दिवस भागिले बिघाड. वायबुल बसवतानाही अशी 'अजून न पडलेली' मशिनं अपूर्ण निरीक्षणं म्हणून द्यावी लागतात, टाकून द्यायची नसतात.

शिवाय त्या ट्रेसमध्ये मशीन काढल्याची नोंद बिघाडाचीही असू शकते आणि देखभालीचीही. शून्य वेळेच्या नोंदीचा अर्थ 'मशीन नोंदी सुरू होण्याआधीपासून होतं' असा आहे, 'आत्ता लावलं' असा नाही. वेळ मायक्रोसेकंदांत आहे, पहिली तपासणी आठवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

पहिल्या पाच तपासण्यांनंतरही एकाच मशीनचं, एकाच तंत्रज्ञाचं मॉडेल कागदावरच्या गणिताशी जुळत नसेल, तर वितरणं बदलत बसू नका. इव्हेंट लूप लिहिलेल्या माणसाकडे किंवा सिम्युलेशनच्या अनुभवी प्रोग्रॅमरकडे कोड द्या.

लाख कोटींत काही वेळा घडणारी घटना सरळ सिम्युलेशन चालवून दिसणार नाही, क्लस्टर कितीही मोठा घ्या. त्यासाठी इम्पॉर्टन्स सॅम्पलिंगसारख्या (दुर्मीळ घटना मुद्दाम जास्त वेळा घडवून नंतर हिशेब दुरुस्त करणाऱ्या) पद्धती लागतात आणि त्या चुकीच्या लावल्या तर उत्तर आत्मविश्वासाने चुकतं. तिथे संख्याशास्त्रज्ञ हवा. नोंदींत पन्नासच बिघाड असतील आणि त्यातले निम्मे देखभालीचे आहेत की काय अशी शंका असेल, तेव्हाही तोच.

आकडा करारातल्या दंडाच्या कलमात जाणार असेल, किंवा त्यावरून जनरेटर, यूपीएस, कूलिंगची संख्या ठरणार असेल, तर विश्वासार्हता-अभियंता आणि परवानाधारक विद्युत अभियंता यांच्या सहीशिवाय तो बाहेर जाऊ देऊ नका. वीजवाहिनीची रचना समजून घ्यायला स्वतः पॅनेल उघडायला तर अजिबात जाऊ नका, एकरेषीय आकृती (वीजजोडणीचा नकाशा) मागा.

त्यांच्याकडे जाताना सरासऱ्या नेऊ नका, कच्च्या नोंदी न्या: प्रत्येक मशीन कधी लागलं, कधी काढलं, प्रत्येक बिघाडाची सुरुवात आणि शेवट, तो नियोजित होता की नाही, आणि मशीन कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या वीजवाहिनीवर होतं. रॅकचा रकाना रिकामा असेल तर आधी तो भरून घ्या. तो नसेल तर सातव्या तपासणीत कुणीच तुम्हाला मदत करू शकणार नाही.